दुसरं रजिस्टर

पेपराच्या पहिल्या पानावर सूर्याचं लालभडक चित्र येतं आणि खाली ठळक अक्षरांत छापलेलं असतं, 'आजपासून नवतपा'. जसं काही आम्हाला ते पेपर वाचूनच कळणार होतं. मनीषनगरातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर सकाळी सातलाच नळाचं पाणी हाताला चटका देतं. कावळे कूलरच्या टाकीवर चोच वासून बसतात. खालचा वॉचमन खिशात कांदा ठेवतो आणि डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला कालचा पारा सांगतो. नागपूरच्या माणसाला उन्हाचा भारी माज. आकडा सांगताना छाती अशी फुगते, की ही भट्टी यानेच पेटवली असावी.

सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला की पहिले नऊ दिवस नवतप्याचे. या नऊ दिवसांत आभाळातून थेंबही पडू नये, अशी इथली रीत आहे. "तपू द्या, तपू द्या. नवतपा गळला का पाऊस गेलाच समजा," असं शेजारच्या काकू दरवर्षी म्हणतात आणि एसी सुरू करतात. तिकडे रस्त्यावर डांबर ओतणाऱ्या बायका चक्कर येऊन पडत असतात. पुढे आपलं बरं होणार असेल तर दुसऱ्याला तापू देणं किती सोपं असतं! मला हे ऐकीव म्हणून ठाऊक नाही. मी एकोणीस वर्षांची असताना एका नवतप्यात एका बाईला नऊ दिवस असंच तापू दिलं होतं, आणि त्यातून माझं काही बरंही व्हायचं नव्हतं.

तिचं नाव मिस नोवाक, अँग्लो-इंडियन. इंग्रजी शाळेत तिने मला सहा वर्षं शिकवलं. मुख्य म्हणजे अक्षर शिकवलं. चार रेघांच्या वहीत तिरपं, गाठी-वेलांट्यांचं इंग्रजी अक्षर. चुकलं की पट्टीची धार बोटांच्या पेरांवर. आम्हा मराठी ख्रिस्ती पोरींना ती 'शाईच्या दौती' म्हणायची, कातडीवरून. माझा डबा उघडला की नाकाला रुमाल लावून खिडकीकडे बोट दाखवायची, "उधर जा के खाओ." एकदा तिने आईला शाळेत बोलावलं आणि व्हरांड्यातच उभं ठेवलं. आई लुगड्याचा पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन अर्धा तास उभी. शेवटी मिस बाहेर आली आणि तिने आईला विचारलं, कुणाच्या घरची आया आहेस? आई घरी येताना म्हणाली, "जाऊ दे वं. मास्तरीण आहे ते." मी जाऊ दिलं नाही. मी असल्या गोष्टी जपून ठेवते, लोणच्यासारख्या.

माझे बाबा चर्चच्या नोंदवह्या सांभाळायचे. चर्चच्या मागे, आमच्या घराला लागूनच, एक लांबोडकी कवलारू खोली होती. तिच्यात एक लोखंडी कपाट, आणि कपाटात शंभर वर्षांचे बाप्तिस्मे, लग्नं आणि मरणं. कपाट उघडलं की डांबरगोळ्यांचा आणि वाळवीने खाल्लेल्या कागदाचा वास यायचा. खिडकीला वाळ्याची ताटी होती. तिच्यावर दर अर्ध्या तासाने पाणी मारणं हे सुट्टीतलं माझं काम. ओल्या वाळ्याचा सुगंध पहिली पाच मिनिटं, मग पुन्हा भट्टी. बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरले होते. त्या काळी हे ऑपरेशन थंडीतच करायचे, म्हणून हिवाळ्याची वाट पाहणं चाललं होतं. तोवर बाबा सांगतील तसे दाखले मी लिहायचे.

लग्नाची रजिस्टरं दोन होती. एक लाल चामड्याचं, सोनेरी अक्षरांत 'युरोपियन' लिहिलेलं. दुसरं जाड्याभरड्या कापडात बांधलेलं, नेटिव्ह ख्रिस्ती लोकांचं. देवापुढे सगळे सारखे, पण वही वेगळी. इंग्रज गेले, तरी जुन्या वह्या वेगळ्याच राहिल्या.

नवतप्याच्या पहिल्याच दिवशी, दहाच्या सुमाराला, सायकलरिक्षातून मिस नोवाक उतरली. हॅट, छत्री, हातात थर्मास. तोपर्यंत ती रिटायर झाली होती. अजनीच्या रेल्वे कॉलनीत ती ड्रायव्हर भावाच्या क्वार्टरमध्ये राहायची. तो भाऊ आदल्या थंडीत वारला आणि क्वार्टर जूनअखेर सोडायचं होतं. तिला जगात उरली होती एक बहीण, मेलबर्नला. बहीण बोलवत होती. पण तिकडचं सरकार त्या दिवसांत माणसाचं रक्त आण्यांत मोजायचं. सोळापैकी किती आणे गोरं, ते कागदाने सिद्ध करा, मग या.

मिसचा आजोबा योसेफ नोवाक कामठीच्या पलटणीत बँडमास्तर होता. मूळचा बोहेमियाचा, म्हणजे ज्याला आपण पुढे चेकोस्लोव्हाकिया म्हणायचो तिथला. दीड वर्ष पत्रं लिहून मिसने त्याच्या गावच्या पाद्र्याकडून जन्माचा दाखला मिळवला होता. पातळ निळसर कागद, त्यावर लॅटिन मजकूर, गावाचं नाव, योसेफच्या बापाचं नाव. पण तो बोहेमियातला योसेफ आणि हा नागपूरचा योसेफ एकच, हे कोण सांगणार? त्याच्या इथल्या लग्नाची नोंद. तिच्यात वराच्या बापाचं नाव आणि जन्मगाव असायचं. ती नकलून, चर्चचं सील लावून जूनच्या पहिल्या आठवड्यातल्या टपालाने जायला हवी होती. त्या एका ओळीवर तिचं उरलेलं आयुष्य अडलं होतं.

तिने बाबांना सांगितलं, "बाबू, वो लालवाला किताब निकालो."

बाबांनी काढून दिलं.

मला पहिल्याच क्षणी कळलं, की त्यात काही मिळायचं नाही. मला तर ती ओळ कुठे आहे तेही ठाऊक होतं. कॅथलिकांत लग्न लागतं ते वधूच्या गोतात, आणि आमच्याकडे नोंदही पडायची वधूच्या वहीत. नवरा लाटसाहेब असला तरी बायको नेटिव्ह असेल, तर लग्न कापडी रजिस्टरात. योसेफ नोवाकचं लग्न तिथेच होतं. ते पान बाबांनी मी लहान असतानाच मला दाखवलं होतं, कारण त्या लग्नाला साक्षीदार होती बाबांची आजी, मार्था. दुष्काळात आई-बाप मेलेल्या दोन बहिणींना मिशनने उचलून आणलं होतं. मोठी मार्था मिशनच्या स्वयंपाक्याला दिली, ती आमच्या घराण्याची. धाकटी मेरी गोऱ्या बँडमास्तरने केली. कामठीला गेली ती गेलीच. मार्था मेली तेव्हाही तिच्याकडून कोणी आलं नाही, हे आमच्या घरात तिसऱ्या पिढीपर्यंत बोललं जायचं.

म्हणजे माझी बोटं फोडणारी ही बाई नात्याने माझी आत्या लागत होती.

दुसऱ्या दिवशी बाबांनी हळूच सुचवलं, "मिसबाई, एक दुसरंही रजिस्टर आहे."

ती हसली. रागावली असती तर बरं झालं असतं. "वो तो तुम लोग का है, बाबू," ती म्हणाली आणि पान उलटलं.

बाबा पुन्हा बोलणार होते. मी त्यांना बाजूला घेतलं. "काहून सांगता? नाही म्हणाली ना ते? शोधू द्या." बाबा स्वभावाने मऊ, आणि त्यांचाही कुठेतरी अपमान झाला असणार. ते गप्प बसले. ते गप्प बसले म्हणून मी आजही त्यांच्यावर थोडा ठपका ठेवते. तो ठेवला की माझा वाटा कमी होतो, म्हणून.

ते दिवस मला दुपारी आठवतात, बाहेर सगळं पांढरं पडलेलं असतं तेव्हा. अंगणात आई वर्षाचं तिखट कुटायची. भिवापूरच्या मिरच्या चटईवर वाळत घातलेल्या, मुसळाचे ठोके, आणि तिखटाचा खकाणा ताटीतून सरळ आत. मिस खोकायची, डोळे पुसायची, पुन्हा पानं उलटायची. तिने लाल रजिस्टर एकदा संपवलं. मग आपलीच नजर चुकली असेल, म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. एकेका नावाखाली पट्टी धरून. तीच पट्टी होती की नाही, कोण जाणे. मी ताटीवर पाणी मारायचे ते अर्ध्या तासाऐवजी तासाने. हे कोणाच्या लक्षातही आलं नाही. मला मात्र त्याची मजा वाटायची, आणि ती मजा मला अजून आठवते. पश्चात्तापाच्या आधी मजा होती, हे लपवण्यात काय अर्थ?

पाचव्या दिवशी तिच्या नाकाचा घोळणा फुटला. रक्ताचा थेंब रजिस्टरावर पडला आणि ती आधी पान पुसायला लागली, नाक मागाहून. आई धावत आली. तिने मिसचं डोकं मागे धरलं, टाळूवर पाणी थापलं, कैरीचं पन्हं आणून पाजलं. आमच्या पितळी पेल्यातून. मिस गटागटा प्यायली आणि पेला परत देताना आईकडे न बघता "थँक यू" म्हणाली.

आईने मला चुलीपाशी गाठलं. "सांगून दे वं तिले. काहून जीव घेऊन राहिली म्हातारीचा?"

"तिनं आपल्या तोंडानं मागू दे ते रजिस्टर."

"ते मागत नाही. मरून जाईन, पण मागत नाही."

"मग मरू दे," मी म्हणाले. आईने माझ्याकडे पाहिलं आणि भाकरी उलटली. ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

आठव्या दिवशी दुपारी मिसने लाल रजिस्टर मिटलं आणि त्यावर डोकं टेकलं. रडत नव्हती. हॅट घरंगळून खाली पडली होती आणि तिच्या केसांतून घामाचा ओघळ मानेवर उतरत होता. बाबांना डोळ्यांनी धड दिसत नव्हतं, पण हे दिसलं. ते उठले, कपाट चाचपून कापडी रजिस्टर काढलं, मला पान लावायला सांगितलं आणि तिच्यापुढे ठेवलं.

"पाहा, मिसबाई. हे तुमचे आजोबा."

तिने वाचलं. वराचं नाव, योसेफ नोवाक. बापाचं नाव तेच. गाव तेच. तिने पर्समधला निळसर कागद काढून शेजारी ठेवला, एकेक अक्षर ताडून पाहिलं, आणि हसली. मी तिला सहा वर्षांत असं हसताना पाहिलं नव्हतं. मग तिचं बोट ओळीवरून उजवीकडे सरकलं. वधू, मेरी. आई-बाप, अज्ञात. नेटिव्ह, मिशनच्या अनाथालयातली, दुष्काळात सापडलेली. सहीच्या जागी फुली. साक्षीदार, मार्था, वधूची सख्खी बहीण. तिचीही फुली.

बाबा वाकून म्हणाले, "हे मार्था म्हणजे माझी आजी, मिसबाई. आपण नात्यातलेच होतो. मले किती वर्षांपासून सांगायचं होतं." साठीकडे झुकलेल्या त्या माणसाच्या चेहऱ्यावर असा आनंद, की मला बघवेना.

मिसने थर्मासचं झाकण लावलं. ते बसेना, तिने पुन्हा फिरवून लावलं. मग म्हणाली, "कॉपी कब मिलेगा, बाबू?"

एवढंच. बाबा सरळ झाले आणि म्हणाले, "उद्या." मग ते बाहेर जाऊन आईच्या मिरच्यांजवळ उगाच उभे राहिले. माझं काय ते तेव्हाच ठरलं.

बाबांची एक रीत होती. ती कुठल्या नियमात बसत नव्हती. अनाथ मुलींचे दाखले काढताना, 'अज्ञात', 'दुष्काळात सापडलेली', 'रस्त्यावर टाकलेली' असं जिथे असेल, तिथे ते नकलेत नुसती रेघ ओढायचे. पोरीला नोकरी लागायची असते, लग्न जमायचं असतं. कशाला तिच्या कपाळी ते गोंदायचं? रेघ म्हणजे खोटं नव्हे, असं ते म्हणायचे. रेघ म्हणजे आपण काही बोललो नाही. कितीतरी पोरी त्या रेघेवरून पलीकडे गेल्या.

नवव्या दिवशी मी नक्कल लिहायला बसले. नक्कल चर्चनेच सीलबंद करून टपालात टाकायची होती, ती अर्जदाराच्या हाती जाणार नव्हती. बाबा फादरना बोलवायला गेले होते. खोलीत मी आणि मिस. मी वराचे रकाने भरले. मग वधूचं नाव लिहिलं आणि दौतीत टाक बुडवला.

"लिहू नको वं पोरी," ती म्हणाली.

मी दचकले. खोलीत तिसरं कोणी आलं, असंच वाटलं. मिस नोवाक मराठी बोलत होती. भाजीवाल्याशी बोलतात तसली मोडकी नव्हे, आमच्या घरातली. आजीच्या मांडीवर बसून शिकलेली असावी तशी.

"तेवढं लिहू नको. माहे आठ-बारा आणे त्यातच जाते. बाबू रेघ ओढते, मले माहीत आहे. मले बहिणीजवळ जाऊ दे. इथं माह्यं कोणी नाही वं."

काल बाबा पुढ्यात उभे होते तेव्हा ही भाषा कुठे गेली होती? आईला व्हरांड्यात उभं केलं तेव्हा? सगळं येत होतं हिला, सगळं कळत होतं. मी म्हणाले, "बरं, मिस." आणि तिने समाधानाने डोळे मिटले.

मी सगळं लिहिलं. आई-बाप अज्ञात. नेटिव्ह. दुष्काळात सापडलेली अनाथ. सहीची फुली. तिनेच घोटून घेतलेल्या तिरप्या अक्षरात, एकही गाठ न चुकवता. खाली फाईलच्या प्रतीसाठी कार्बन होता, म्हणून टाकाच्या कडक निबाने दाबून दाबून लिहिलं. बाबा फादरना घेऊन आले. "रेघ ओढली ना वं?" त्यांनी हळूच विचारलं. "ओढली," मी म्हणाले. फादरनी न वाचता सही केली, सील मारलं, लाख लावली. मिसने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि इंग्रजीत आशीर्वाद दिला. तिचा हात ओला होता.

सप्टेंबरात दोन ओळींचं छापील पत्र आलं. सादर केलेल्या कागदांवरून अर्जदार पात्र ठरत नाहीत. तिचे बाकीचे कागद लंगडे असतील, तिकडे कोणी खडूस अधिकारी असेल, अशी माझी समजूत मी घालून पाहिली आहे. ती फार वेळ टिकत नाही.

पत्र घेऊन ती बाबांकडे आली. "बाबू, कॉपी में क्या लिखा था?"

"रेघच होती, मिसबाई. पोरीनं ओढली."

मिस माझ्याकडे वळली. तीस वर्षं पोरींना शिकवलेली बाई. वर्गात कोण खोटं बोलतंय, ते तिला पाठमोरीलाही कळायचं. तिने माझ्याकडे पुरतं पाहिलं, पत्राची घडी घातली आणि गेली. बाबांना ती काही बोलली नाही. यामागे तिचा चांगुलपणा होता की माझ्यासारख्या पोरीला उघडं पाडण्याचाही तिला कंटाळा आला होता, मी ठरवू शकले नाही.

त्या थंडीत बाबांचं ऑपरेशन झालं. जाड भिंगांचा चष्मा लावून ते महिन्याभराने कपाटापाशी बसले आणि एकेक जुनी फाईल चाळायला लागले. कार्बनची प्रत त्यांच्या हाती लागली तेव्हा मी तिथेच होते. त्यांनी ती उजेडात धरून वाचली, पुन्हा वाचली.

"अक्षर चांगलं आहे वं तुझं," ते म्हणाले.

त्यानंतर त्यांनी मला एकही दाखला लिहू दिला नाही. मरेपर्यंत स्वतः लिहीत राहिले, वाकड्यातिकड्या ओळीत.

मिसला महालात, जुन्या शहरातल्या त्या वस्तीत, एक खोली मिळाली, दुचाक्यांच्या दुकानावर, उभ्या जिन्याची. तिथल्या पोरांना ती इंग्रजीच्या शिकवण्या द्यायची. मी लग्न होऊन नोकरीला लागले होते. बाजाराला गेले की कधीकधी दिसायची. हॅट गेली होती, डोक्याला ओला पंचा. वांग्यांच्या ढिगाशी उभी राहून कडकडून मराठीत भाव करायची. मला पाहिलं की इंग्रजीत "गुड मॉर्निंग" म्हणायची. दुपार असली तरी. काही वर्षांनी मेलबर्नची बहीणही वारली, असं ऐकलं. भेटायला जावं, असं प्रत्येक उन्हाळ्यात मनात यायचं, आणि जूनमध्ये पाऊस पडला की राहून जायचं.

मग एका जानेवारीत ती गेली. बाबा तोवर नव्हते, आईही नव्हती. चर्चच्या फलकावर नाव वाचलं आणि मी कब्रस्तानात गेले. आठ-दहा माणसं होती. महालातले घरमालक, दोन-तीन मोठी झालेली शिकवणीची पोरं, एक सिस्टर. फादर नवीन होते, केरळचे. पेटी खाली उतरवली, प्रार्थना झाली. पहिली मूठ माती नात्यातल्या माणसाने टाकायची असते. फादर थांबले आणि सगळ्यांवरून नजर फिरवून त्यांनी विचारलं, "घर का कोई है?"

थंडीचं छान ऊन पडलं होतं. घरमालक माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी मला खालच्या आवाजात विचारलं, "तुम्ही कोण बाईंच्या?"

खड्डा दोन पावलांवर होता.

"शाळेत होते त्यांच्या," मी म्हणाले.

फादरनी आणखी जरा वाट पाहिली. मग त्यांनी खड्डा खणणाऱ्याला खूण केली आणि त्याने फावड्याने माती लोटली.